‘ठरवलंस तर विश्वास बसेल’ असं घरचे म्हणतात

सप्रेम नमस्कार,

मी ३६ वर्षांची, भांडुपला राहते, फोर्टला एका खासगी ऑफिसात अकाउंट्स बघते. लग्नाला नऊ वर्षं झाली. सासर मालवणकडचं. दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात आमचं बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. त्याआधी मी सोळा सोमवार केले होते, संकष्टी कधी चुकवली नव्हती. आता देवासमोर उभी राहिले की काहीच वाटत नाही, रागसुद्धा येत नाही. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा देवळात गाऱ्हाणं घातलं. सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते आणि माझं तोंडच उघडलं नाही. सासूबाईंनी ते पाहिलं. आता गणपतीला गावी गेलो की दुसऱ्या बाळासाठी मी स्वतः नवस बोलावा असं त्यांचं म्हणणं आहे. मी सांगितलं की माझा विश्वास उरलेला नाही. त्यावर मिस्टर म्हणाले, “विश्वास काय आभाळातून पडतो? ठरवलंस तर बसेल. तू ठरवतच नाहीस.” तेव्हापासून मलाही वाटायला लागलंय की मी हट्टीपणा करतेय.

दुसरी काळजी बाबांची. ते लालबागला राहतात, ६८ वर्षांचे, बेस्टमधून निवृत्त. बारा वर्षं शुगर आहे. महिन्यापूर्वी त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि ओळखीतल्या एका माणसाकडचं चूर्ण सुरू केलं. त्यांच्या मित्राला नुकतंच डायलिसिसवर जावं लागलं, तेव्हापासून हे चाललंय. रोज फोनवर त्या चूर्णाचे व्हिडिओ बघतात. म्हणतात, “माझा विश्वास आहे.” परवा मी ओरडले, “तुम्हाला खरं काय ते कळतं, तुम्ही मुद्दाम मानत नाही.” दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

बाळ पोटात असताना मी लोकलची धावपळ थांबवली असती तर आज मुलगी घरात असती, असं कधी कधी वाटतं. पण ते जाऊ दे. मला एवढंच सांगा, काय मानायचं हे माणसाला ठरवता येतं का?

– एक वाचक, भांडुप

ताई,

मिस्टर तुम्हाला जे म्हणाले आणि तुम्ही बाबांना जे म्हणालात, ते एकच आहे. समोरच्याला वेगळं मानता येत होतं, पण त्याने ते मुद्दाम केलं नाही, असा दोन्हीकडे आरोप. तुमच्यावर झाला तेव्हा तुम्हाला तो लागला. बाबांवर तुम्ही केलात तेव्हा त्यांनाही लागला असणार, नाहीतर माणूस दोन दिवस गप्प बसत नाही. म्हणून दोन्हींबद्दल एकत्रच लिहिते. आणि तिसरी गोष्ट, जी तुम्ही ‘ते जाऊ दे’ म्हणून सोडून दिलीत, तिच्याकडेही येणार आहे.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर ‘नाही’ असं आहे. आत्ता ठरवलं आणि लगेच मानलं, असं कुणालाच जमत नाही. उद्या सकाळी भांडुपला सीएसएमटीची गाडी पकडाल तेव्हा करून बघा. ही गाडी कर्जतला चालली आहे, असं मनाशी ठरवा. खरोखर मानलंत तर दहा लाख रुपये मिळणार आहेत असं धरून चला. तुम्हाला ते मोठ्याने म्हणता येईल, शेजारच्या बाईला सांगता येईल, कर्जतच्या नातेवाइकांना ‘निघाले’ असा फोनसुद्धा करता येईल. पण कांजुरमार्ग येईल, विक्रोळी येईल, घाटकोपरला नेहमीची गर्दी आत घुसेल, आणि आपण कुठे चाललोय हे तुमच्या मनाला सबंध वेळ माहीत असेल. दहाचे वीस लाख केले तरी फरक पडणार नाही. कारण पैशासाठी मानलं हे ज्याला आठवतंय, त्याला ते खरं वाटणार कसं? खरं वाटण्यासाठी ते खरं असल्याची काहीतरी खूण मनाला दिसावी लागते, आणि ती खूण आपल्या हुकमाने उगवत नाही. स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात हेच मांडलं होतं, की मानणं ही आतून येणारी जाणीव आहे, ती इच्छेच्या ताब्यात नसते.

तेव्हा देवळात तुमचं तोंड उघडलं नाही, तो हट्ट नव्हता. हट्ट करायला आधी दुसरा पर्याय हातात असावा लागतो. इतकी वर्षं तुम्ही मनापासून उपास केलेत, तेव्हाही विश्वास ‘ठेवायचा’ म्हणून ठेवला नव्हता, तो होता. एका रात्रीत सगळं उलटंपालटं झालं आणि तो राहिला नाही. त्याचं येणं तुमच्या कष्टाचं फळ नव्हतं, तसं त्याचं जाणं हा तुमचा गुन्हा नाही. हे तुमच्या मिस्टरांना वाचायला दिलंत तरी चालेल.

पण त्यांच्या म्हणण्यात तथ्य काहीच नाही, असंही मी म्हणणार नाही. सासूबाई बहुधा म्हणत असतील, “तू करत राहा, विश्वास आपोआप बसेल.” हा सल्ला फार जुना आहे आणि मोठ्या बुद्धिमान माणसांनीही दिलेला आहे. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कल नावाचा गणिती होऊन गेला. त्याच्या मृत्यूनंतर, १६७० साली, त्याची टिपणं छापली गेली. देव आहे असं धरून चालण्यातच माणसाचा फायदा आहे, हा त्याचा युक्तिवाद प्रसिद्ध आहे. लोक सहसा एवढंच सांगून थांबतात. पण त्याच टिपणात पुढे समोरचा माणूस म्हणतो की फायदा मला पटला, पण माझा पिंडच असा आहे की मला मानता येत नाही, मी काय करू? आणि पास्कल त्याला ‘ठरव’ असं सांगत नाही. ठरवून होणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. तो म्हणतो, मानणारे जे करतात ते करायला लाग, प्रार्थनेला जा, तीर्थ घे, हळूहळू मन वळेल.

असं होतं का? काहींच्या बाबतीत होतं. माणूस ज्यांच्यात उठतो-बसतो, जे रोज हाताने करतो, त्याचा मनावर परिणाम होतो हे आपण सगळेच बघतो. पण पास्कलची वाट ज्याला स्वतःला तिकडे जायचंय त्याच्यासाठी आहे. दुसऱ्याला हाताला धरून त्या वाटेवर ओढलं तर विश्वास बसत नाही, फक्त दाखवायची सवय लागते. म्हणून आधी तुम्ही स्वतःला विचारा की गेलेली श्रद्धा परत यावी असं तुम्हाला वाटतं का? हो वाटत असेल तर संकष्टीचा उपास धरायला, आरतीला उभं राहायला काहीच हरकत नाही, त्यात लबाडी नाही. वाटत नसेल तर तेही घरात शांतपणे सांगता येतं. आणि आज काहीच सांगता येत नसेल, तर ‘मला अजून कळत नाहीये’ हेसुद्धा पुरेसं उत्तर आहे.

आता नवसाचं. इथे माझं मत स्पष्ट आहे. गणपतीला गावी जा. मोदकांच्या उकडीला हात लावा, गणपतीवरची माटवी बांधायला मदत करा, आरतीला टाळ वाजवा, सासूबाईंबरोबर देवळात जा, पाया पडा. या सगळ्यात घरच्यांची सोबत आहे आणि त्या सोबतीची तुम्हाला गरज आहे. गाऱ्हाणं घालताना तुमच्या तोंडून ‘व्हय म्हाराजा’ नाही निघालं तरी आकाश कोसळत नाही. पण नवस बोलू नका. नवस म्हणजे कबुली असते. ऐकणारा कुणी आहे असं आज तुम्हाला वाटत नसताना ती द्यायची, आणि तीही दुसऱ्या बाळासाठी, म्हणजे तुमच्याच शरीरावर, तुमच्याच मनावर तारीख टाकून! उद्या दिवस राहिले तर प्रत्येक दुखण्याला ‘नवसाचं आहे’ हे ओझं असेल, आणि नाही राहिले तर दोष पुन्हा तुमच्या श्रद्धेवर येईल. दुसरं मूल हवं का, कधी हवं, हा निर्णय तुम्ही दोघांनी घ्यायचा आहे, डॉक्टरांना विचारून.

सासूबाईंना हे तोंडावर ‘मी मानत नाही’ असं म्हणून सांगू नका, त्यातून वादच होईल. असं काहीतरी म्हणून बघा: “आई, मी तुमच्याबरोबर येते, पाया पडते. पण नवस माझ्या तोंडून बोलवून घेऊ नका. मनात नसताना देवाला शब्द दिला तर ते तुम्हालाही आवडणार नाही.” श्रद्धाळू बाईला हे कळतं. तुमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा जास्त कळतं, कारण देवासमोर खोटं बोलू नये हे तिच्याच घरात शिकवलेलं असतं. त्यांना स्वतः नवस बोलायचा असेल तर बोलू द्या. नात गेलीय त्यांची, आणि दुःख घेऊन जायला त्यांच्याकडे ती एकच जागा आहे.

जाता जाता एक. राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदात सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य प्रत्येकाला दिलेलं आहे. त्याचाच आधार घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये सांगितलं की आपण कोणताच धर्म मानत नाही असं म्हणण्याचाही नागरिकाला हक्क आहे. घरात भांडायला हे वापरा म्हणून सांगत नाही. तुमच्या मनाची जी अवस्था आहे तिला या देशात जागा आहे, एवढं तुम्हाला माहीत असावं.

मिस्टरांशी मात्र वेगळं बोलायला हवं. पत्रात त्यांच्याबद्दल एकच वाक्य आहे आणि ते टोचणारं आहे. पण मुलगी त्यांचीही होती. तुम्ही देव सोडलात, त्यांनी तो अधिक घट्ट धरला असेल, आणि तुमच्या रिकाम्या चेहऱ्याकडे बघून त्यांना स्वतःच्या धरलेल्या गोष्टीची भीती वाटत असेल. हा माझा अंदाज आहे. त्यांना विचारा, “तिच्याबद्दल तुम्हाला काय वाटतं? आपण कधी बोललोच नाही.” देव आहे की नाही हा वाद दोन वर्षं घालता येतो, आणि त्या वादाआड मुलीचा विषय दोन वर्षं टाळताही येतो.

आता तुम्ही विचाराल की मानणं हातात नसेल तर मग माणसाच्या हातात असतं काय? हातात बरंच असतं. कुठे बघायचं, कुणाला विचारायचं, काय वाचायचं, कुठला कागद उघडायचा आणि कुठला ड्रॉवरमध्ये ढकलायचा, हे रोज आपणच ठरवतो. आणि त्यातून पुढे जे मानलं जातं त्याची जबाबदारी तेवढ्यापुरती आपल्यावर येते.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच शहरातलं आहे. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. मुंबईत त्यांच्या कौतुकाची सभा झाली आणि त्यात कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्यांना भेट दिलं. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. हा निर्णय होता आणि तो त्यांनी घेतला. पण कुठला मार्ग पत्करायचा, हे त्यांनी त्या दिवशी जाहीर केलं नाही. त्यासाठी २१ वर्षं गेली. शीख धर्माचा त्यांनी गंभीरपणे विचार केला, दादरच्या राजगृहातल्या ग्रंथांच्या राशीत बसून वाचलं, माणसांना भेटले, वाद घातले. नागपूरला दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. सोडायचं हे ठरवता आलं, शोधायचं हेही ठरवता आलं. पटण्याला मात्र त्याचा वेळ द्यावा लागला, आणि एवढ्या ताकदीच्या माणसानेही तो दिला. दीक्षाभूमीवर त्यांनी लोकांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही मोठा भाग वागण्याचा आहे. श्राद्धपक्ष करणार नाही, चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही. माणूस ज्याचा शब्द देऊ शकतो, त्याचाच शब्द त्यांनी बराचसा घेतला.

या उजेडात बाबांकडे बघू.

त्यांनी चूर्णावरचा विश्वास निवडलेला नाही, जसा तुम्ही अविश्वास निवडलेला नाही. त्यांचं काय झालं असावं ते बघा. बारा वर्षं गोळ्या खाऊन शुगर आहे तिथेच आहे. मित्राला डायलिसिसवर जाताना पाहिलं, त्याने पोटात गोळा आला. त्याच सुमारास एक माणूस समोर बसला, अर्धा तास बोलला, चहा प्यायला आणि म्हणाला, काका, मुळापासून जाईल. दवाखान्यात दोन मिनिटं मिळतात आणि कुणी ‘जाईल’ असं म्हणत नाही, कारण ते खरं नसतं. शिवाय रोजचे व्हिडिओ. १९७७ साली अमेरिकेत तीन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना काही विधानं दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा ऐकवली. त्यातली काही खरी होती, काही खोटी. जी पुन्हा पुन्हा कानावर पडली ती विद्यार्थ्यांना अधिकाधिक खरी वाटत गेली, खोटी असली तरी. तुमचे बाबा तीच गोष्ट दिवसातून किती वेळा ऐकत असतील, याचा विचार करा.

म्हणजे त्यांची जबाबदारीच नाही का? आहे, आणि इथे विल्यम क्लिफर्डची गोष्ट सांगायला हवी. हा इंग्रज गणिती. १८७० साली सूर्यग्रहण बघायच्या मोहिमेवर असताना सिसिलीजवळ तो ज्या जहाजावर होता तेच फुटलं होतं, त्यातून तो वाचला. १८७७ साली त्याने एका बोटमालकाची गोष्ट लिहिली. बोट जुनी, अनेकदा डागडुजी केलेली. मालकाला शंका येते की ही आता समुद्रात घालू नये. पण दुरुस्तीला पैसे लागणार. मग तो स्वतःची समजूत घालत जातो की इतक्या फेऱ्या झाल्या, इतकी वादळं निघाली, याही वेळी जाईल. शेवटी त्याला मनापासून वाटू लागतं की बोट सुरक्षित आहे. माणसांनी भरलेली बोट तो हसतमुखाने रवाना करतो, आणि ती भर समुद्रात बुडते. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास खरा होता यात वाद नाही, पण तो विश्वास बाळगायचा त्याला हक्क नव्हता. तपासायचं सोडून शंका दाबत दाबत त्याने तो कमावला होता. बोट सुखरूप पोचली असती तरी दोष तेवढाच, फक्त उघडकीला आला नसता.

बाबांना ‘तुम्ही मुद्दाम मानत नाही’ म्हणणं चूक, कारण ते खरोखर मानतात. पण ‘तुम्ही तपासत का नाही?’ हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. महिनाभरात त्यांनी शुगर तपासली का, हे तुमच्या पत्रात नाही. बहुतेक तपासली नसावी. न तपासलेली बोट ती हीच.

म्हणून चूर्णावर वाद बंद करा. आधी माफीचा एक शब्द बोला, “मी ओरडायला नको होतं.” मग बसा आणि विचारा, “बाबा, काय दिसलं तर तुम्हाला वाटेल की हे लागू पडत नाहीये?” त्यांना स्वतःच्या तोंडाने आकडा सांगू दे. उपाशीपोटी किती, जेवणानंतर किती. कागदावर लिहा, खाली तारीख टाका. रिपोर्ट यायच्या आधी ठरलेली गोष्ट माणूस सहसा पाळतो. रिपोर्ट हातात आल्यावर ठरवायला बसलं की पळवाटा सुचतात. मग या आठवड्यातच दोन्ही तपासण्या करा, आणि सोबत ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात ती एचबीए१सी. ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे गोळ्या बंद केल्याचा पूर्ण परिणाम तिच्यात एवढ्यात दिसणार नाही. पुढे ताडून बघायला ती आजच्या तारखेची हवी.

रिपोर्ट आणि चूर्णाची पुडी दोन्ही घेऊन त्यांच्या जुन्या डॉक्टरांकडे जा, नाहीतर केईएम लालबागहून जवळच आहे. पुडी न्याच. मधुमेहावरच्या अशा काही ‘हर्बल’ चूर्णांमध्ये ॲलोपॅथीच्याच शुगरच्या गोळ्या मिसळलेल्या सापडलेल्या आहेत. त्यामुळे शुगर कमी झालेली दिसली तरी ती कशाने झाली हे सांगता येत नाही, आणि अशा चूर्णावर गोळ्या पुन्हा सुरू केल्या तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. म्हणून गोळ्या घरच्या घरी सुरू करू नका, डॉक्टरांना विचारून करा, पण ते याच आठवड्यात. मध्येच फार तहान लागली, सारखी लघवी होऊ लागली, वजन उतरलं, पायाची जखम भरेना, किंवा गुंगी येऊ लागली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ दवाखाना गाठा.

आणि चूर्णवाला ‘मुळापासून बरा करतो’ अशी जाहिरात करत असेल, तर मधुमेहासाठी तशी जाहिरात करायला १९५४च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. पण ते बाबांच्या तब्येतीचं मार्गी लागल्यावर, आणि त्यांना सांगून. ज्याच्यावर विश्वास टाकला त्याला पोरीने परस्पर पकडून दिलं, ही जखम वेगळीच बसते.

आता ती तिसरी गोष्ट.

“लोकलची धावपळ थांबवली असती तर आज मुलगी घरात असती.” तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटलेलं वाक्य हे आहे. देवावरचा विश्वास तुमचा गेला, पण या वाक्यावरचा विश्वास दोन वर्षं शाबूत आहे. हेही तुम्ही ठरवून मानलेलं नाही, ते त्या रात्री आपोआप मनात येऊन बसलं असणार. आणि याच्याबाबतीत तुम्ही नेमकं तेच करताय जे बाबा करताहेत. तपासत नाही. ‘ते जाऊ दे’ म्हणून झाकून ठेवताय, म्हणून ते जात नाही.

सातव्या महिन्यात बाळ पोटात जाण्याची कारणं अनेक असतात. वार (प्लॅसेंटा) नीट काम करत नाही, आईचं ब्लडप्रेशर वाढतं, एखादा संसर्ग होतो, नाळेत काही होतं, बाळाच्या घडणीतच दोष असतो. आणि कितीतरी वेळा सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही. तुमच्या बाबतीत काय होतं हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण जे कळलं ते कुठेतरी लिहिलेलं असेल. डिस्चार्ज कार्ड असेल, सोनोग्राफीचे रिपोर्ट असतील, वारेची तपासणी केली असेल तर तिचा कागद असेल. ती फाइल घरात कुठल्या कपाटात आहे हे तुम्हाला माहीत आहे, आणि ती तुम्ही त्यानंतर उघडलेली नाही, असं मला वाटतं. तुम्ही रोज हिशेब तपासणाऱ्या बाई आहात. दुसऱ्याच्या खात्यातली नोंद व्हाउचरशिवाय मान्य करत नाही. स्वतःच्या नावावर एवढी मोठी नोंद तुम्ही एकही कागद न बघता करून ठेवली आहे.

फाइल काढा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे अर्ध्या तासाची वेळ मागून घ्या. पूर्वीच्याच डॉक्टर असायला हव्यात असं नाही, दुसऱ्या कुणी असल्या तरी चालेल. त्यांना आडवळण न घेता विचारा, “मी रोज भांडुप ते सीएसएमटी प्रवास करत होते. त्यामुळे हे झालं का?” उत्तर ऐकताना मिस्टरांना शेजारी बसवा, कारण हा प्रश्न त्यांनीही मनात कुठेतरी ठेवलेला असू शकतो. उत्तर ऐकलं की त्याच क्षणी मन मानेल, अशी अपेक्षा धरू नका. आत्तापर्यंत तुम्ही जे वाचलंत त्यावरून कळलंच असेल की मन तसं मानत नाही. डॉक्टर काय म्हणाल्या ते दोन ओळींत लिहून ठेवा. रात्री ते वाक्य पुन्हा डोकं वर काढेल तेव्हा ते काढून वाचा. कानावर पुन्हा पुन्हा पडणारी गोष्ट खरी वाटू लागते हे वर लिहिलंच आहे. निदान पडते ती खरी असू दे.

रात्रीची झोप जात असेल, कामात लक्ष लागत नसेल, किंवा जगण्यातच अर्थ नाही असं वाटत असेल, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. केईएमच्या मानसोपचार विभागातही दाखवता येईल. बाबांना घेऊन तिथे जाल तेव्हा तुमचाही केसपेपर काढा.

क्रम असा ठेवा. या आठवड्यात बाबांची शुगर, कारण ते थांबू शकत नाही. मग फाइल आणि डॉक्टर. सासूबाईंशी नवसाबद्दल जे बोलायचं ते गावी जायच्या आधीच बोला, इथे भांडुपच्या घरात, दोघीच असताना. आणि डॉक्टरांकडून आल्यावर मुलीबद्दल त्यांनाही काही सांगावंसं वाटलं तर सांगा. ती फाइल त्यांनीही पाहिलेली नसावी.